पायताण वेगळं, बॅग वेगळी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. आमच्या ह्यांच्याजवळ नाही, पोटच्या पोराजवळ नाही, आणि देवाजवळही — खरं सांगते — देवाजवळही नाही. देवापुढं हात जोडले की मी आधी दुकानाचं मागते, मग सागरचं, मग माझे गुडघे शाबूत ठेव म्हणते आणि उठते. ही एवढी गोष्ट वगळून. नऊ वर्षं झाली. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं बोलायला जी छाती लागते ती माझ्याकडं नाही, हे आधीच कबूल करून टाकलेलं बरं.

आणि मी काही डोळ्याला पदर लावून बसलेय असं समजू नका. माझं बरं चाललंय. चांगलंच चाललंय म्हणा की. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे, दोन मशिनी आहेत, एक ह्यांची, एक माझी. दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही दोघं डबा खातो, हे भिंतीला टेकून पंधरा मिनिटं डोळा लावतात, मी रेडिओ बारीक करते. सागर साताऱ्याला नोकरीला आहे, दर रविवारी फोन करतो. जेवण गोड लागतं, झोप लागते. हेच कधीकधी टोचतं — एवढं करून झोप कशी काय लागते? पण लागते बघा.

मूळ गोष्ट सांगायची तर आधी दुकानाचं सांगायला पाहिजे. लग्न होऊन आले तेव्हा मला सुईत दोरा ओवता येत होता, तेवढंच. हे शिकवत गेले, मी शिकत गेले. दप्तराची चेन, प्रवासी बॅगेची चाकं, तुटलेली हँडलं. मग एक दिवस ह्यांनीच गिऱ्हाइकाला सांगितलं, कातड्याचं काम असेल तर तिच्याकडं द्या, माझ्यापेक्षा तिचा हात बरा हाय. तेव्हापासून मोठमोठ्या परदेशी कंपन्यांच्या पर्स माझ्यापुढं यायला लागल्या. कुणाचा भाऊ दुबईला, कुणाची लेक अमेरिकेत, कुणी मुंबईच्या फुटपाथवरनं घेतलेली आणि घरी दुसरंच सांगितलेलं. बायका बॅग पुढं ठेवायच्या आणि हळूच विचारायच्या, काकू, खरी का डुप्लिकेट?

ते ओळखणं फार अवघड नाही. लोक आधी कंपनीचं नाव बघतात. नाव सगळ्यात शेवटी बघायचं, नाव छापायला काय लागतं? आधी बॅग हातात तोलायची. बकल, कड्या हाताला जड लागतात का बघायचं. चेन ओढायची — ती लोण्यातनं सुरी जावी तशी गेली पाहिजे. मग आत नाक घालायचं. कातड्याचा वास येतो का चिकटवायच्या सोल्युशनचा? टाके बघायचे. हाताचा टाका किंचित तिरका पडतो, लोकांना वाटतं शिवणाऱ्याचा हात चुकला. आणि जिथं सगळं लई चकचकीत, हँडलला प्लॅस्टिक गुंडाळलेलं, वर ‘ओरिजिनल’ असं लिहिलेलं कार्ड — तिथं मी आधी सावध होते. हे कार्ड छापणारे वेगळेच असतात, त्यांचा त्या कंपनीशी काही संबंध नसतो.

एक नियम मात्र ह्यांनी पहिल्यापासून घालून दिला होता. ज्यानं वस्तू दिली तो माणूस समोर असेल तर खरं-खोटं सांगायचं नाही. वस्तूचं काय, ती आज आहे उद्या नाही, माणसाचं मन मोडलं की आपल्या दुकानात त्याला टाका नाही, असं हे म्हणतात. म्हणून आमचं दोघांचं ठरलेलं. बॅग डुप्लिकेट असली तर गिऱ्हाइकाला म्हणायचं, जपून वापरा. खरी असली तर म्हणायचं, बिनधास्त वापरा. गिऱ्हाइकाला वाटतं काकू सल्ला देत्यात. त्यातली खोच फक्त आम्हा दोघांना ठाऊक.

आता सागरनं आणलेल्या बॅगेकडं येते. ही माझी पहिली लबाडी, पण कबुली द्यायची ती ही नव्हे. तो नोकरीला लागला आणि पहिल्या दिवाळीला माझ्यासाठी बॅग घेऊन आला. तपकिरी, त्यावर त्या परदेशी कंपनीच्या खुणेची नक्षी. मुंबईच्या कुठल्याशा मित्राकडनं, थेट कारखान्यातली म्हणे. मी हात लावला आणि कळलं. कड्या पत्र्याच्या, वास सोल्युशनचा, प्लॅस्टिक होतं, कार्डही होतं. पोरगं माझ्या तोंडाकडं बघत उभं होतं. मी म्हटलं, लई भारी हाय रे. आई अजून काय म्हणणार? त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पण मी तेवढ्यावर थांबले का? नाही. प्रत्येक लग्नाकार्यात ती बॅग खांद्याला. कुणी विचारलं की सांगायचं, ओरिजिनल हाय, पोरानं आणलीय. न विचारलं तरी सांगायचं. ज्या बाईला सगळी पेठ खरं-खोटं विचारायला येते तिच्या खांद्याला डुप्लिकेट बॅग, आणि ती छाती काढून चाललीय. दोन वर्षं मी अशीच मिरवले आणि मला ते फार आवडत होतं.

आता आक्का. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. ती गडमुडशिंगीला असते, आमचं मूळ घर तिथंच. भावजी शेती आणि म्हशी बघतात, आम्ही दुकानापायी शहरात आलो. तिचं माहेर निपाणीकडचं. बहिणींशी ती कानडीत बोलते आणि आमच्याशी ओरडून बोलते, पण मनानं सरळ बाई. सागरच्या वेळी मला बाळंतपण जड गेलं तर दोन महिने तिनं मला बाजेवरनं उठू दिलं नाही. मग तिच्याविषयी माझ्या मनात काय होतं? सांगते. आक्काचं सगळं माझ्याआधी झालं. स्लॅबचं घर आधी, दारात चारचाकी आधी, पोरगा इंजिनिअर आधी, सून आधी. आणि तिला त्याचं काही वाटायचंच नाही. तिनं जरा तरी तोरा दाखवला असता तर मला नावं ठेवायला जागा मिळाली असती. तेही नाही. ते मला सोसायचं नाही.

तिची सून केतकी. आक्काचा पोरगा विनायक पुण्यात, त्याच्याच कंपनीतली ती, नाशिककडची, दोघांनी आपापसात जमवलेलं लग्न. बोलायला हळू, हसायला हळू. आमच्याकडं सगळ्यांचा आवाज गावभर जातो, त्यात ती पोर कुठं आहे हे शोधायला लागायचं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ऑफिसनं तिला पंधरा दिवस परदेशी पाठवलं होतं आणि तिकडनं तिनं सासूला बॅग आणली. त्याच कंपनीची. त्याच नक्षीची. माझ्यासारखीच.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आक्काच्या घराच्या पुढच्या सोप्यात पंधरा-वीस बायका सतरंजीवर बसलेल्या. आक्कानं आतनं बॅग आणली आणि सगळ्यांच्या मधे ठेवली. “सुनंनं आणलीया. मला काय कळतंय त्यातलं? पण मऊ किती हाय बघा की, वासराच्या कानागत.” बायकांनी हातोहाती फिरवली. आणि मग कुणाचं तरी लक्ष माझ्या मांडीजवळच्या बॅगेकडं गेलं. घ्या, दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्या. एकच कंपनी, एकच नक्षी — पण रंगात फरक, हँडलात फरक, बसकणीत फरक. आक्काची बॅग शहाण्या पोरागत आपली आपण उभी, माझी एका अंगाला कललेली. एवढा फरक आंधळ्यालाही दिसला असता. म्हणजे दोन्हीतली एक कुठली तरी डुप्लिकेट.

“मंगललाच इचारा की,” कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवून म्हणालं. “तिच्या हातात कळतंय.”

मी आक्काची बॅग उचलली. काय सांगू तुम्हाला — इतक्या वर्षांत तसं काम माझ्या हातात आलं नव्हतं. कडा तीन-तीनदा रंगवून घासलेल्या. टाके हाताचे, एका अंगाला कललेले, एकही चुकलेला नाही. चेन ओढली तर आवाज नाही. आत नाक नेलं तर स्वच्छ कातड्याचा वास. हँडल बिनरंगाच्या कोऱ्या कातड्याचं, आणि आक्कानं आठ दिवस हाताळल्यामुळं त्यावर हाताच्या तेलाची फिकट खूण पडायला लागली होती. खऱ्या कातड्यावर पडते तशीच.

किती वेळ धरून बसले असेन? दहा सेकंद? तेवढ्या वेळात मला काय काय बोलता आलं असतं याचा हिशेब मी नंतर पुष्कळदा केलाय. मला काय कळतंय गं, असं म्हणता आलं असतं. दोन्ही चांगल्या हायत म्हणून तिळगुळाचा डबा पुढं ढकलता आला असता. नियम होता की — देणारं माणूस समोर असताना बोलायचं नाही. केतकी तर चार हातांवर वाणाचं ताट घेऊन उभी होती. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं इतकं अवघड असतं का?

मी म्हटलं, “आक्का, तुझ्या सुनंला फसवलं गं कुणीतरी.”

एवढ्यावरही थांबले नाही. कारागीर ना मी. कारणं दिली. टाके दाखवले — बघा, तिरके पडल्यात, कंपनीचं काम असं असतंय व्हय? कार्ड कुठाय विचारलं, माझ्या बॅगेतलं कार्ड काढून फिरवलं. खरेपणाची एकेक खूण मी उलटी करून त्या बायकांच्या हातात दिली. आणि शेवटी हँडल. “हे बघा, आठ दिवसांत डाग पडला. ओरिजिनलला डाग पडत न्हाय.”

तेव्हा आत्याबाई बोलल्या. ह्यांची आत्या, ऐंशीच्या घरातली, भिंतीला टेकून बसलेली. त्या म्हणाल्या, “आगं, आपल्या पायताणाचं बी तसंच हुतंय की. तेल प्यालं की काळपट पडतंय. कातडं हाय म्हणूनच न्हवं?”

आता बघा. आम्ही कोल्हापूरची माणसं. कातड्याची नवी चप्पल आठ दिवस चावते, मग तेल पिते, मग पायाच्या रंगाची होते, हे आमच्यात शेंबडं पोरही सांगेल. त्या सोप्यातल्या प्रत्येक बाईला ते ठाऊक होतं. दाराबाहेर पंधरा-वीस जोड काढून ठेवलेले होते, उठून नुसतं बघितलं असतं तरी माझं पितळ उघडं पडलं असतं.  आणि मी हसून म्हटलं, “आत्याबाई, पायताण वेगळं, परदेशी बॅग वेगळी.”

सगळ्या हसल्या. संपलं. परदेशी म्हटल्यावर ते आपल्या पायातल्या वस्तूसारखं कसं असेल, हे सगळ्यांना लगेच पटलं. आत्याबाई पुटपुटल्या, कातडं ते कातडंच, पण त्यांचं कोण ऐकतं? त्या आता नाहीत. त्या घरात त्या दिवशी एकच माणूस खरं बोललं आणि मी त्याला हसण्यावारी नेलं.

केतकीकडं सगळे बघायला लागले. मी वाट बघत होते. आता ही मोबाइल काढेल, दुकानाचा फोटो दाखवेल, पावती दाखवेल. चांगल्या दुकानातनं घेतलेली वस्तू, तिच्याकडं सगळं असणारच.  ती पोर म्हणाली, “असेल काकू. घाईत घेतली मी. लक्षात आलं नसेल.” आणि पुढच्या बाईपुढं ताट धरलं.

निघताना माझी बॅग सतरंजीवरच राहिली होती. केतकीनं ती उचलून आणून दिली. देताना मी तिच्या अंगठ्याकडं बघितलं. माझ्या बॅगेची खालची कड सोल्युशन सुटून उचकटलेली होती, आतला पांढरा पुठ्ठा दिसत होता. तिनं अंगठ्यानं ती कड हळूच दाबून बसवली, तशीच दाबून धरली आणि बॅग माझ्या हातात दिली. माझ्याकडं बघितलं नाही. वाकून नमस्कार केला.

म्हणजे तिला कळलं होतं. माझी कुठली, तिची कुठली, आणि मला ठाऊक असूनही मी काय बोलले — सगळं. चार बायकांत चुलत सासूची शोभा होऊ नये म्हणून तिनं स्वतः मूर्ख ठरणं पत्करलं. वय किती तिचं? सव्वीस.

घरी परतताना ह्यांच्या गाडीवर मागं बसून मी स्वतःशी म्हणत होते की सागरसाठी केलं. पोरानं हौसेनं आणलेली वस्तू, त्याचं हसं होऊ नये म्हणून. बरीच वर्षं मी हेच म्हणत आले, मघाशी लिहायला बसले तेव्हाही हेच लिहिणार होते. पण ते खोटं आहे. सागर त्या दिवशी तिथं नव्हताच. आणि त्याला वाचवायला केतकीला बुडवायची काय गरज होती? खरं ते एवढंच — आक्काच्या पुढं एकदा, एका तरी गोष्टीत, माझं ओरिजिनल आणि तिचं डुप्लिकेट ठरलं, आणि ते ऐकताना मला गोड वाटलं. फार गोड वाटलं. तोंडात तिळगूळ होता, त्याची चव लागली नाही.

आक्काला वाईट वाटलं का? चार दिवस वाटलं असेल. मग तिनं ती बॅग मागच्या दाराच्या खुंटीला अडकवली आणि वापरायला काढली. “खरी असती तर कपाटात ठिवायला लागली असती. आता मी बिनघोर वापरतो,” म्हणाली. डेअरीला जाताना तीच, शेतावर भाकरी न्यायला तीच, बाजारातनं मिरच्या, कोथिंबीर, म्हशीचं औषध आणायला तीच. मी गेले की दारातच ती दिसायची. तिच्याकडं माझी नजर जायला नको म्हणून मी पुढच्या दारानं जायला लागले.

पण बॅगेचं मी एवढं मनावर घेत नाही. बॅग वापरासाठीच असते, वापरली गेली. नुकसान झालं ते दुसरंच. त्या दिवसापासून केतकी त्या घरात भोळी ठरली. प्रेमानं हं, रागानं नाही. आमची केतकी साधी, तिला कुणीबी फसवतंय. तिनं साडी आणली की विचारायचं, बघून घेतलीस न्हवं? तिनं मिक्सर आणला तर विनायकनं आणलाय असं पाव्हण्यांना सांगायचं. पुण्यात तिच्या हाताखाली चाळीस माणसं काम करतात, आणि गडमुडशिंगीत तिच्या शब्दावर कुणी मेथीची जुडी घेत नव्हतं.

पुढं चार वर्षांनी आक्काचा गुडघा गेला. केतकीनं पुण्यातला डॉक्टर शोधला, दोन-दोनदा जाऊन बोलून आली, रजा काढली, राहायची सगळी व्यवस्था केली. ऑपरेशन लवकर झालेलं बरं, असं ती आक्कापुढं बसून, तिचा पाय मांडीवर घेऊन सांगत होती. मी तिथंच होते. आक्का माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, “हिला कुणीतरी गाठलंया. बॅगंचं म्हायती हाय न्हवं?” मी चहाचा कप तोंडाला लावला. चहा पिऊन झाला होता, तरी लावला.

आक्का पुण्याला गेली नाही. गगनबावड्याकडं कुणी झाडपाल्याचं तेल देतो, ते आणून चोळत बसली. दोन वर्षं. शेवटी उठताच येईना तेव्हा त्याच डॉक्टरकडं नेली. त्यानं काम चांगलं केलं, पण म्हणाला, दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं. आक्का आता चालते, डेअरीलाही जाते, पण पाय ओढत जाते. तिला कुणी विचारलं तर सांगते, वयाचं हाय. वयाचं नाही आक्का. माझं आहे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ती दुकानात आली. खुर्चीवर बसली, दम घेतला आणि ती बॅग माझ्या मशिनीवर ठेवली. हँडलाच्या बुडाशी एक टाका तुटला होता, पाच किलो गूळ घातला होता म्हणे. मी आत हात घातला तर कोथिंबिरीच्या वाळक्या काड्या, डेअरीचं कार्ड, गुडघ्याच्या गोळ्या. हँडल तेल पिऊन पिऊन गडद झालेलं, अगदी आक्काच्या पायातल्या चपलेच्या रंगाचं. दोन्ही माझ्यापुढं होतं — बॅग वर, पाय खाली. एकच रंग.

माझ्या बॅगेचं काय झालं तेही सांगते. त्या हळदीकुंकवानंतरच्या पहिल्याच पावसात ती फुटली होती. मग मी तिची चेन बदलली, मग अस्तर, मग हँडलं, मग बुडाची कड खऱ्या कातड्यानं शिवली. आज त्या बॅगेत त्या लबाड कारखान्याचं वरची नक्षी सोडून काही उरलेलं नाही, बाकी सगळी माझीच. तशी बॅग मी विकायला ठेवली असती तर लोकांनी रांग लावली असती, हे आपलं उगाच सांगते.

आक्काच्या बॅगेला मी मेण लावलेला दोरा घेतला, आरीनं जुन्याच भोकांतनं हाताचे टाके घातले. तिरके, तसेच, एका अंगाला. अर्धा तास लागला. आक्का म्हणाली, “डुप्लिकेट असून चिवट हाय गं.” मी बॅग तिच्या हातात दिली आणि माझ्या तोंडातनं गेलं, “बिनधास्त वापर, आक्का.”

पलीकडं ह्यांची मशीन थांबली. ह्यांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं, मग आक्काच्या हातातल्या बॅगेकडं बघितलं. आक्का आपली रिक्षा बघत होती. थोड्या वेळानं मशीन परत सुरू झाली. त्यांनी आजवर काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

यंदाच्या संक्रांतीला मी ठरवून गेले होते. तोच सोपा, त्याच बायका, दोन-चार कमी, दोन-चार नव्या. केतकी ताट घेऊन फिरत होती, तिची लेक मागं मागं. मी माझी बॅग सतरंजीच्या मधे ठेवली आणि म्हटलं, “ही डुप्लिकेट हाय. पहिल्यापास्नंच. मला ठावं होतं.”

 मला वाटलं झालं, आता पुढचं वाक्य आपोआप येईल. आणि आक्का मांडीवर थाप मारून हसायला लागली. “म्हंजे दोघी बी फसलो म्हण की. तुझं पोरगं बी फसलं, माझी सून बी फसली.” सगळा सोपा हसला. बरोबरच होतं तिचं. एक बॅग खोटी ठरली म्हणून दुसरी आपोआप खरी ठरत नाही. ते वेगळं सांगायला लागतं. एकच वाक्य — आक्का, तुझी खरी होती. जिभेवर होतं. केतकी माझ्यासमोर ताट धरून उभी होती, तिचे डोळे माझ्यावर होते. वाट बघत होती का? मला माहीत नाही. मी ताटातला तिळगूळ उचलला आणि तोंडात टाकला. भरल्या तोंडानं कोण बोलतं?

निघताना तिनं माझी बॅग उचलून आणून दिली, पहिल्यासारखीच. तिचा अंगठा सवयीनं त्या खालच्या कडेवर गेला. तिथं आता दाबायला काही नव्हतं. तिनं कडेवरनं एकदा अंगठा फिरवला आणि म्हणाली, “काकू, ही कड तुम्ही शिवलीय ना? छान शिवलीय.”

मी म्हटलं, व्हय.

नऊ वर्षांत त्या पोरीशी मी बोललेलं एवढंच खरं. बाकीचं इथं लिहिते. आक्काची बॅग खरी आहे. केतकीला कुणी फसवलं नव्हतं. हातात घेतल्याबरोबर मला ते कळलं होतं.